लेकरांची सावड

आमच्या घरी एक बैल होता आणि शेजारच्या काकूच्या घरी एक. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून दोन्ही घरांची सावड होती. काही दिवस जोडी आमच्या रानात चालायची, मग तितकेच दिवस त्यांच्या. सिंदफणेच्या काठावरच्या आमच्या गावात अशी सावड पुष्कळांची असे. आमच्या दोन घरांनी मात्र ती लेकरांपर्यंत नेली होती. आज आई खुरपायला गेली की काकू दोन्ही घरची पोरं सांभाळायची, उद्या काकू रानात आणि आई घरी. मी आणि काकूचा मुलगा एका वयाचे. ज्या घरी चूल पेटलेली असेल तिथे दोघेही जेवायला बसायचो. मला गोवर आला तेव्हा घरी राहायची पाळी काकूची होती. तिने मला मांडीवरून खाली ठेवले नाही, असे आई स्वतःच सांगायची.

मारुतीच्या देवळात एक गुरुजी मुलांना शिकवत. पाटी दोघांत एक होती. उर्दू त्याला चटकन यायची, हिशेब मला. राज्य निजामाचे, पुढची शाळा उर्दूतली, त्यामुळे उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. तो मला अक्षरे घोटवून घ्यायचा आणि मी त्याला त्रैराशिक समजावायचो.

एके दिवशी गुरुजींनी सांगितले की तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब गावात येऊन मुलांची परीक्षा घेणार आहेत. जो पसंत पडेल त्याला तालुक्याच्या शाळेत घेतील, राहण्याजेवणाची सोय सरकारातून. पण गावातून एकच मुलगा.

त्या दिवशी काकूच्या घरी जेवताना मी विचारले, "एकालाच घेतलं तर?"

"मग सावड करू की," तो म्हणाला. "एक महिना तू जा, एक महिना मी. आल्यावर शिकलेलं एकमेकाला सांगू."

मला यात काहीच अडचण दिसली नाही. आमचे सगळे असेच चालत आले होते. काकू हसून म्हणाली, "साळा का बैल हाय व्हय रे, येड्यांनो?" मला घ्यायला आलेली आई दारात उभी होती. तीही हसली, पण लवकर थांबली.

साहेब येणार त्या सकाळी आई रानात गेली होती आणि आम्ही काकूकडे होतो. काकूने मला अंगणात बोलावले. माझ्या हातात भाकरीचे फडके दिले, त्यात गुळाचा खडा जास्तीचा होता.

"साहेब आज न्हाई येत, उद्या येणारंय. तू शेळ्या घेऊन नदीवर जा, लेकरा."

"आणि ह्यो?"

"त्याचं पोट दुखतंय. निजलाय."

मी गेलो. उन्हे कलल्यावर परत आलो तर देवळासमोर टांग्याची चाके उमटलेली होती आणि गुरुजी कपाळाला हात लावून बसले होते. "कुठं गेलतास रे? साहेब येऊन गेले की." काकूचा मुलगा निवडला गेला होता आणि त्याच टांग्यातून तालुक्याला गेलाही होता. साहेबांनी हिशेबही घातले होते. त्रैराशिकच.

मी धावत काकूकडे गेलो. "काकू, तू मला खोटं कावून सांगितलं?"

ती जात्याजवळ बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या मायला इचार, तिच्या मनात काय हुतं. आज तिची पाळी असती तर नदीवर माझा पोरगा गेला असता."

मी आईला विचारले. तिने भाकरी थापायची थांबवली नाही. "केलं तिनं. म्या न्हाई," एवढेच बोलली. मी पुन्हा विचारले नाही. विचारायला मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आईने आपली लेकरे आपल्याबरोबर रानात न्यायला सुरुवात केली. बैलांची सावड मात्र मोडली नाही. पेरणी तोंडावर होती.

पुढच्या वर्षी गुरुजी स्वतः मला घेऊन तालुक्याला चालत गेले, शाळेच्या मोठ्या मास्तरांपुढे हात जोडून उभे राहिले. पुढे मी हैदराबादेत शिकून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, तो त्या जोडलेल्या हातांमुळे. गुरुजींचे, सरकारातून मिळालेल्या अन्नाचे उपकार मी रोज मानतो. पण काकूने मांडीवर घेतल्याची आठवण काढायला आजही मन तयार होत नाही. तिचा तो गूळ मी नदीवर बसून आनंदाने खाल्ला होता.

माझे हिशेब पाहून मास्तरांनी मला काकूच्या मुलाच्याच वर्गात बसवले. मला बघताच तो म्हणाला, "आलास बे शेवटी? पारसाल न्हाई कावून म्हणलतास?"

"कोण म्हणलं?"

"आय म्हणली. तुला साळा नको, शेळ्याच राखायच्या हायती म्हणून. वरीसभर तुझा राग धरून बसलो मी."

मी त्याला नदीची हकिकत सांगितली.  त्याने आपली पाटी माझ्याकडे सरकवली. पण त्या वर्गात दर महिन्याच्या नंबराप्रमाणे मुलांना बसवत आणि शेजाऱ्याला सांगणाऱ्याच्या हातावर छडी पडे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बरोबर चालत गावी आलो. वेशीपाशी दोघांनी ठरवले, नंबर घरी सांगायचे नाहीत. आईने दारातच विचारले. "दोघं पास," मी म्हणालो.

आई अंगणात गेली आणि काकूच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली, "माझा पोरगा वर हाय गं, समद्यांच्या वर!"

पलीकडून लगेच काकूचा आवाज आला, "आमचा बी वरच हाय! लई वर!"

आई आत आली, माझ्या खांद्याला धरून हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग, कोण वर हाय?"

मी सांगितले नाही.