साहेब आले त्या दिवशी वारा पडला होता

आमच्या गावाला बेट म्हणायला सरकार तयार नाही. कागदावर आम्ही पवनी तालुक्यातलं एक साधं गाव. उन्हाळ्यात आलात तर नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, म्हणजे रपट्यावरून, फटफटी थेट घरापर्यंत येते. पण धरणाचं पाणी मागे सरकून गावाच्या तीन बाजूंना बसलंय, आणि पावसाळ्यात रपटा बुडाला की चौथी बाजूही जाते. मग उरतो आम्ही, धानाच्या वाचलेल्या बांध्या आणि एक लाकडी डोंगा.

लोकांना वाटतं, पाऊस वाईट. पाऊस सोसता येतो हो. वाईट तो वारा. नदी होती तेव्हा तिला धार होती, लाटा नव्हत्या. आता पाणी इतकं पसरलंय की पूर्वेचा वारा सुटला की लाटा उठतात आणि डोंगा निघत नाही. घरात मीठ पाझरतं, काडीपेटी पेटत नाही, तांदळाला कुबट वास लागतो. सापालाही कोरडी जागा हवी असते, तो चुलीजवळ येतो. याला कुणी आपत्ती म्हणत नाही, कारण कुणी वाहून जात नाही. नुसतं जगणं कुजत जातं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. जिल्हा लहान झाला, आता साहेब जवळ आले, असं तेव्हा सांगत म्हणे. जवळ कसले येतात! मला पत्रकं काढून काढून त्यांना ओढून आणावं लागलं.

त्या आषाढात वहिनीला सातवा महिना होता. दिवस भरणार पोळ्याच्या सुमारास, म्हणजे नेमके वाऱ्याच्या दिवसांत. कळा आलेली बाई डोंग्यातून नेणं काय असतं ते गावानं पाहिलेलं आहे, त्यावर मी इथे लिहिणार नाही. आमची मागणी एकच होती: पावसाळाभर गावाला इंजिनची बोट द्या. ती द्यायची की नाही, हे ठरवायला भंडाऱ्याहून एक साहेब पाहणीला येणार होते.

आदल्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मी सगळ्यांना बजावलं. काही झाडायचं नाही, काही लपवायचं नाही, आहे तसं दिसू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. सकाळी उठून पाहतो तर आमची माय अंगण सारवून राहिली होती.

"माय, हे काय? काल काय सांगितलं होतं?"

"मंग साहेब काय चिखलातून येईन?"

"चिखलातूनच आला पाहिजे! पाहुणा नाही होय तो. पाहणी करायले येऊन राहिला."

"बाबू, पत्रकात काय लिवाचं ते तू पाय. माह्या अंगणात कोण कसा येईन, ते मी पाहीन."

घरोघरी हेच. पेटीतल्या नव्या चादरी खाटांवर आल्या, कुठून तरी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला पडले. आणि वर वारा पडलेला! मी पहाटेपासून आभाळाकडे पाहत होतो. वारा सुटावा असं जन्मात पहिल्यांदा वाटत होतं. पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट.

साहेब डोंग्यातून उतरले तेच मोबाइलवर फोटो काढत.

"काय जागा आहे! आम्ही तिकडे धूळ खातो, आणि तुमच्याकडे ही हवा."

"ही हवा आजची आहे साहेब," मी म्हणालो. "परवा आले असते तर पलीकडेच बसून राहिले असते."

"तुमचं पत्रक वाचलं मी. भाषा जोरदार आहे," साहेब हसून म्हणाले आणि वडा उचलला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या पोटाकडे पाहून त्यांनी विचारलं, "ताई, इथं काही त्रास?"

हाच तो प्रश्न. बोल, वैनी, बोल.

"नाही जी. बरं हाय."

शेजारणीही तेच म्हणाल्या. बरं हाय जी. साहेबांसोबतच्या कारकुनानं ते वहीत लिहून घेतलं.

मी स्वयंपाकघरात तिच्यामागे गेलो. "वैनी, काहून असं म्हटलं?"

"तो खाऊन राहिला होता न भाऊजी. घास हातात असलेल्या माणसासमोर कसं रडाचं?" मग तिनं मागच्या दारातून पाण्याकडे पाहिलं. "बोट येत नाही आता."

"मी आणतो की नाही पाय!"



साहेबांना निरोप द्यायला अख्खं गाव काठावर. ते डोंग्यात बसले, मायनं वड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला, आणि गर्दीतून वहिनी पुढे आली. हातात कापडी थैली. मागे दादा, बगलेत तिची वळकटी.

"कुठं वं?" डोंगेवाल्या काकानं विचारलं.

"आसगावले. माहेरी."

"अवं, साडी तं बदल! असं कोणी बाळंतपणाले जाते का?" माय पिठाच्या हातांनीच तिच्याकडे वळली.

साहेब गोंधळले. "ताई, इतक्यात? अजून वेळ आहे ना?"

"हो जी. पण आज पाणी शांत हाय."

दादानं वळकटी डोंग्यात ठेवली आणि तो काठावर थांबला. काका म्हणाला, "साहेब, तुमी तिकडं सरका. बाई मधात बसन." साहेब सरकले. तिकडे तळाशी पाणी साचलेलं होतं. हातात बूट, मांडीवर डबा, असे ते पलीकडे गेले. वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या प्रहरी पूर्वेचा वारा सुटला. फोन लागेना. दादा दारात उभा राहून लाटा पाहत होता. मायनं मला कितीदा तरी विचारलं, "पोचली असन न?"

"पोचली," मी म्हणालो. मला काय माहीत?

पोचली होती. बोट मात्र त्या पावसाळ्यात आली नाही. पाहणीत म्हणे गावकऱ्यांची तक्रार आढळली नाही. पुढचं पत्रक मी एका ओळीचं काढलं: साहेब, वारा सुटल्यावर या.

मुलगी झाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा वारा सुटलेलाच होता. दादा रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून काठावर जायचा आणि परत यायचा. तो आसगावला पोचला तेव्हा त्याच्या लेकीचं नाव ठेवून झालं होतं.