तळमजल्याचे हक्कदार

सेक्टर बावीसमधले आमचे शिंपी सरदारजी गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारत, मग माप घेत. बसमधल्या बॉम्बस्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. लाकडी पायाच्या बुटालाही ते रोज पॉलिश करत. कोणी हळहळलं तर म्हणत, "इस पैर को जूता नहीं काटता, जी."

अपंगांसाठी राखीव असलेल्या तळमजल्यावरच्या सरकारी घरासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा मीही सोबत गेलो. अट चाळीस टक्के अपंगत्वाची होती आणि त्यांच्या दाखल्यावर साठ टक्के होते. ऑफिस मात्र दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. कडक इस्त्रीच्या कपड्यांत घामाघूम उभ्या असलेल्या सरदारजींना साहेब म्हणाले, "आप तो सीढ़ी चढ़ लेते हो! ग्राउंड फ्लोर किसलिए?"

साठ टक्के चाळिसांपेक्षा कमी कधीपासून झाले, असं मी विचारलं. साहेबांनी दाखला बाजूला सारला. सरदारजींनी भिंतीला टेकून पट्टे सोडले आणि लाकडी पाय साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"सीढ़ी यह चढ़ा है, जी. ऊपर का मकान इसको दे दो, नीचे का मुझे."

साहेबांनी शिपायाला बोलावून टेबल पुसून घेतलं. पुढच्या महिन्यात घर मंजूर झालं, तिसऱ्या मजल्यावरचं.