भिंतीवरची रोटी

बुखाऱ्यात आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जाड, गोल रोटी टांगलेली होती. दगडासारखी वाळलेली, कडेला एक चावा घेतलेली.

"मुलाची आहे," घरमालकीण सिनेमांतून उचललेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "कामाला परदेशी गेलाय. निघताना एक घास खायचा, उरलेली परत येऊन संपवायची."

दिवसभर गाइड रेशमाच्या आणि उंटांच्या तांड्यांच्या गोष्टी रंगवून सांगत होता. मला त्याचा राग येऊ लागला. वाळवंटात गडप झालेल्या माणसांच्या रोट्या भिंतीवरून कोणी उतरवल्या असतील? आता उतरवायला हवी, हे कुठल्या बाईनं कसं ठरवलं असेल?

आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पण शब्द विरून जातो, भिंतीवर लटकत राहत नाही.

निघायच्या सकाळी बाईनं गरम रोटी माझ्यापुढे धरली. "एक घास."

मी कसली पुन्हा येतेय बुखाऱ्याला! पण तिचा हात मागे जाईना. मी चावा घेतला.

तिनं रोटी दोन्ही हातांनी परत घेतली आणि मुलाच्या रोटीशेजारी ठोकायला खिळा शोधू लागली.