तिच्या ठोक्यांचा आकडा

“हिचं काळीज थंड हाय बघ. दुसरीचं उभ्या जागीच पळायलंय.”

आमचे सायकलिंगचे सर टेम्पोच्या मागे उभे राहून, सुटताना सायकलची सीट धरणाऱ्या माणसाला हे सांगत होते. मी टेम्पोच्या दुसऱ्या बाजूला बुटांचे पट्टे आवळत बसले होते, हे त्यांना दिसत नव्हतं. दुसरी म्हणजे मी. आमच्यात मुली दोनच, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. छातीला बांधलेल्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर येतात, आणि मी अजून सायकलवर बसलेही नव्हते तरी माझा आकडा एकशे वीसच्या पुढे गेला होता. ती चार हात लांब उभी राहून टेम्पोवाल्याला विचारत होती, काय बे, चहा एकट्याचाच का. तिच्या सायकलवरून नजर फिरवल्यासारखं करून मी तिची स्क्रीन वाचली. ऐंशीच्या आसपास. म्हणजे ही चहाच्या टपरीवर उभी असल्यासारखी उभी होती.

टाइम ट्रायलमध्ये कोणी कोणाच्या सोबत पळत नाही. एकेकाला अंतर ठेवून सोडतात, कोणाच्या मागे दडून वारा चुकवता येत नाही, आणि शेवटी घड्याळ काय ते ठरवतं. अक्कलकोट रोडची एमआयडीसी मागे टाकली की आमची सुरुवातीची रेघ. तिथून पुढे जाऊन वळायचं आणि परत यायचं. त्या रविवारी आमच्या दोघींत जिला कमी वेळ लागेल तिला सर पुण्याला राज्याच्या निवडीसाठी पाठवणार होते. जागा एकच होती. मला ती हवी होती. त्याहून जास्त, ती तिला मिळायला नको होती.

सरांची एक पद्धत होती. प्रत्येकाच्या हँडलवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ते मार्करने एक आकडा लिहायचे. हा ठोक्यांचा आकडा. ते म्हणायचे, सुरुवातीला पाय ताजे असतात, ते खोटं बोलतात. हृदय उशिरा जागं होतं, आणि ते ओरडायला लागेपर्यंत तुम्ही सगळं जाळून बसलेले असता. म्हणून वळणापर्यंत आकड्याच्या वर जायचं नाही, वळल्यावर हळूहळू वर चढू द्यायचं, आणि शेवटच्या टप्प्यात स्क्रीनकडे बघायचंच नाही. कोणाचा आकडा किती हे ठरवायला त्यांनी आम्हाला उड्डाणपुलाच्या चढावर मळमळेपर्यंत वरखाली करायला लावलं होतं. त्यातून माझा निघाला एकशे चौऱ्याहत्तर. तिचा एकशे साठ.

चौदाचा फरक. तो मला खुपायला लागला.

सरांनी दोघींना समोर उभं करून बजावलं होतं, “चपलेचा नंबर हाय तो. शेजारणीची चप्पल घालून कोणी पळतं का?” ती हसली होती. मी मान डोलावली होती, पण पटलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत वाढले. तिथे प्रत्येक परीक्षेनंतर रँक लागायची, आणि आकडा जितका लहान तितका मान मोठा. घरी बाबांचं बीपीचं मशीन आहे, ठोके कमी आले की आई देवापुढे साखर ठेवते. मी स्वतः फोनवर वाचलं होतं की मोठ्या सायकलपटूंची हृदयं अगदी सावकाश चालतात. ते बसलेल्या माणसाबद्दल होतं, जोरात सायकल मारणाऱ्या माणसाबद्दल नाही, हे मी वाचूनही सोडून दिलं. मला दिसत होतं एवढंच की तिच्या पट्टीवर लहान आकडा आहे आणि माझ्या पट्टीवर मोठा.

आणि आकडा ही काही एकच गोष्ट नव्हती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर ती मराठी बोलते, टेम्पोवाल्याशी हिंदीसारखं काहीतरी, आणि कुठलीच भाषा तिला अडवत नाही. मी मराठी बोलले तर पुस्तकी वाटतं, इंग्रजी बोलले तर मिजास वाटते, म्हणून मी बोलतच नाही. ती मला ‘मॅडम’ म्हणते. काय मॅडम, आज तरी बोलणार का. त्यात वाईट हेतू नसतो, तेही मला सहन होत नाही. तिचे बाबा दर रविवारी स्कूटरवर येतात आणि लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याची बाटली मांडीवर धरून रस्त्याकडेला बसतात. माझे बाबा मला गाडीतून सोडतात आणि काच खाली न करता विचारतात, कितीला न्यायला येऊ. सर तिची चेष्टा करतात. माझी कधीच करत नाहीत. चेष्टा न होणं किती एकटं असतं हे मला तिच्यामुळे कळलं.

तर त्या सकाळी टेम्पोआडून ते वाक्य ऐकलं आणि मी मनाशी ठरवलं. आज मी एकशे साठवर चालवणार. तिच्याच आकड्यात तिच्यापेक्षा कमी वेळ काढणार. मग बघू कोणाचं काळीज थंड आहे.

तिला आधी सोडलं. सीट धरणाऱ्याने हात काढला तशी ती उभी राहून निघाली, आणि जाताजाता सरांकडे बघून काहीतरी म्हणालीसुद्धा. सर हसले. मग माझी पाळी. सर बोटं मिटत गेले, मी खाली बघत राहिले, आणि सुटले.

पहिल्या दोन-तीन मिनिटांतच माझे ठोके एकशे साठला लागले. मी पाय सैल सोडले. आकडा खाली आला, पुन्हा जोर लावला, पुन्हा वर. मग मी तो तिथेच धरून ठेवायला शिकले, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करतात तसा. पाय हलके वाटत होते. श्वास नाकातून चालला होता. मला वाटलं, असंच वाटत असणार तिला. इतकं सोपं. म्हणून तर हसत जाते. समोरून ती वळून येताना दिसली. डोकं खाली, तोंड उघडं, माझ्याकडे बघितलंही नाही. मीही बघितलं नाही असं दाखवलं, पण तिचा चेहरा पूर्ण वाचला. तो हसरा नव्हता. त्याचा अर्थ लावायचा मी टाळला.

वळून परतीला लागले तोवर ऊन वर आलं होतं. उन्हात ठोके आपोआप वाढतात, पाय तेवढंच काम करत असले तरी. एकशे साठ सांभाळायचं तर मला आणखी सावकाश जाणं भाग होतं, आणि मी गेले. एका छोट्या चढावर माझ्या शेजारी एक सायकल आली. कारखान्याच्या पाळीला निघालेला माणूस होता, हँडलला डबा अडकवलेला, खांद्यावर टॉवेल. तो थोडा वेळ माझ्या बरोबरीने चालला. माझं हेल्मेट, चष्मा, सायकलची बारीक चाकं, सगळं त्याने नीट पाहिलं.

“ताई, पंक्चर हाय का?” त्याने काळजीने विचारलं.

मी मान हलवली. तो पुढे निघून गेला.

मी तेव्हाही जोर लावला नाही. आता ते लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही. तिच्या पट्टीवर जे लिहिलंय ते मला जमत नाही, हे कबूल करण्यापेक्षा डबेवाल्या सायकलच्या मागे राहणं मला परवडलं.

रेघ ओलांडली तेव्हा माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे रस्त्याच्या कडेला जमले होते. ती मातीत आडवी पडली होती. हेल्मेट बाजूला, केसांत धूळ, आणि नुकतीच उलटी झालेली. तिचे बाबा तेलुगूत काहीतरी पुटपुटत तिच्या ओठांना बाटली लावत होते. तिचे पाय थरथरत होते. छाती इतक्या जोरात वरखाली होत होती की आतला पट्टा कपड्यावरून कळत होता. सायकल झाडाला टेकवलेली होती. तिच्या स्क्रीनवर त्या खेपेतला सर्वांत मोठा आकडा अजून दिसत होता. एकशे एकाहत्तर. माझ्या पट्टीवरच्या आकड्याच्याही खाली. आणि तिचं सगळं तिथे संपलं होतं.

मी तिथे उभी होते, अंगाला जेमतेम घाम. मला दम लागला नव्हता. चक्क कविता म्हणता आली असती.

आणि मला तिचा हेवा वाटला. आधी वाटायचा त्याहून जास्त. तिच्या वेळेचा नाही, थंड काळजाचा तर नाहीच. तिच्याकडे जे होतं ते तिने सगळं त्या रस्त्यावर ओतलं होतं आणि आता मातीत पडून होती, उलटीची लाज नाही, लोकांची लाज नाही. मी आयुष्यात एकदाही अशी पडलेली नव्हते. त्या मातीत मी असायला हवी होते.

सर घड्याळाकडे बघत माझ्यापाशी आले. त्यांनी तब्येतीचं विचारलं, मी बरी आहे म्हटलं. मग मातीत पडलेल्या तिच्याकडे हात करून सीट धरणाऱ्याला म्हणाले की पुण्याला हीच जाईल, टेम्पो भरायला घ्या. टेम्पोवाल्याने माझी सायकल उचलायला हात पुढे केला.

ती कोपरावर टेकून अर्धी उठली. तोंड पुसलं. माझ्या कोरड्या चेहऱ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघत राहिली. चेष्टेचा सूर नव्हता, मॅडमही म्हणाली नाही.

“ढील दिलीस काय गं मला?”

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिला खरंच राग आला होता. तिला वाटलं, मी तिला ती जागा दान केली. माझ्या गाडीतून येणाऱ्या, काच न उघडणाऱ्या घरातून. माझे ठोके चढत गेले. मी स्क्रीनकडे बघितलं नाही. टेम्पोवाल्याच्या हातातून सायकल ओढून घेतली आणि रेघेवर नेऊन उभी केली.

“ढील नाही दिली. तुझ्या आकड्यावर चालवली,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “सर, माझं सगळं शिल्लक आहे. मला आत्ता परत सोडा.”