पास्कलभाऊंनी मला विचारलं

शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी वह्यांची पिशवी काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. वसईहून रोझीवहिनींचा मेसेज होता. 'पास्कल गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. मस्कतमध्ये पहिलं तुम्हालाच कळवते.' मी पिशवी परत सीटवर ठेवली आणि तशीच बसून राहिले. रडू आलं, पण त्याच्या आधी, का कोण जाणे, हसू आलं. कारण मला ते दिसले ते आमच्या बिल्डिंगच्या मागच्या आवारात, गाडीखाली आडवे झालेले. बाहेर फक्त दोन पाय, एकात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता...

पास्कल लोपीस हे आमचे मस्कतच्या अल् घुब्रामधले शेजारी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. कुरुमच्या एका हॉटेलात मेंटेनन्स बघायचे. एसी, पंप, बॉयलर, लिफ्ट, जे बंद पडेल ते त्यांचं. बुटके, गोल, खांद्यावर कायम एक पंचा. बोलणं अस्सल वसईचं, त्यात मधूनच हॉटेलातलं हिंदी आणि तोंडी बसलेलं अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला'. आमच्या गणपतीला ते आरतीला उभे राहायचे आणि सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असायचे. नाताळात रोझीवहिनी करंज्यांचा डबा पाठवायच्या आणि तो वर येईपर्यंत दोन करंज्या वाटेत कमी झालेल्या असायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून ते मला 'टीचर' म्हणत, वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही 'तुम्ही' म्हणत.

त्यांची आणि आमची खरी दोस्ती झाली ती एका गाडीमुळे. शुक्रवार-शनिवारची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती आणि सुहासला, माझ्या नवऱ्याला, वाळवंट आणि वाद्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नद्या, पालथ्या घालायचं वेड लागलं होतं. ऑफिसातला एक सहकारी देश सोडून चालला होता, त्याची जुनी, उंच फोर-व्हील सुहासने घेतली. मी ओमानचं लायसन चौथ्या खेपेला मिळवलेलं. दोन्हीकडे उभ्या केलेल्या ड्रममधून उलटी गाडी काढायच्या परीक्षेत तीनदा ड्रम पाडलेली बाई मी. त्यामुळे ती थोराड गाडी चालवताना मला जो आनंद व्हायचा तो कुणाला सांगून कळायचा नाही.

एका शुक्रवारी आम्ही रुस्ताकला गरम पाण्याचे झरे बघायला गेलो होतो. परतताना मी चालवत होते, सुहास शेजारी पेंगत होता, सहा वर्षांची मुक्ता मागे होती. वेग ऐंशीच्या आसपास. एका छोट्या पुलावर, जिथे रस्त्याला आडवा सांधा असतो, तिथे चाक धपकन आपटलं आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग पिसाळलं. दुसरा शब्द नाही. डावीकडे-उजवीकडे इतक्या जोरात हिसके द्यायला लागलं की मनगटं निखळतील असं वाटलं. सगळी गाडी थडथडत होती, मुक्ता किंचाळत होती. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही, नुसता एक्सलरेटर सोडला आणि स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं. वेग चाळीसवर आला तेव्हा ते जसं सुरू झालं तसंच थांबलं. मागून येणारे एक म्हातारे ओमानी गृहस्थ पिकअप थांबवून आले, मुक्ताला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून हलक्या आवाजात 'खलास, खलास' म्हणत राहिले. झालं, संपलं.

पुढचे दोन महिने ती गाडी या गॅरेजातून त्या गॅरेजात फिरली. एकाने चाकं बॅलन्स केली, दुसऱ्याने टायर बदलायला लावले, तिसऱ्याने स्टेअरिंगचे हादरे शोषून घेणारा डॅम्पर नवा घातला. दर वेळी चार-आठ दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा एखादा खड्डा, पुन्हा तेच. दुर्दैव असं की त्या तिन्ही वेळा चालवत मीच होते. गॅरेजवाले सुहासशी बोलायचे. मॅडमने घाबरून ब्रेक मारला असेल, मॅडमचा हात हलका असेल. सुहास आधी हसण्यावारी न्यायचा. मग एकदा जेवताना सहज म्हणून गेला, "मी चालवतो तेव्हा नाही होत गं." दुसऱ्या दिवसापासून मी किल्लीला हात लावला नाही. शाळेत शेजारणीच्या गाडीतून जायला लागले. वाईट हे की मलाही तसंच वाटायला लागलं होतं, की दोष माझ्याच हाताचा असेल. गाडी विकायचं ठरलं.

विकायचा कागद बिल्डिंगच्या खाली लावला, तो वाचून पास्कलभाऊ संध्याकाळी वर आले. चिवड्याची बशी मांडीवर घेतली आणि सुहासला ओलांडून माझ्याकडे बघत म्हणाले, "टीचर, तुम्ही चालवत होता ना? मग तुम्ही सांगा, काय काय झालं."

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी सांगत गेले आणि ते विचारत गेले. आधी आपटलं आणि मग हादरलं, की आपोआप? ब्रेकवर पाय होता का? कुठलं चाक आधी आपटलं? कितीवर थांबलं? सपाट रस्त्यावर कधी झालं? मला सगळं आठवत होतं. डावं चाक, पाय मोकळा, चाळीस, सपाट रस्त्यावर कधीच नाही. बशी रिकामी झाली तेव्हा ते सुहासला म्हणाले, "एवढं सगळं गॅरेजमध्ये कोणी सांगितलं होतं?" सुहास म्हणाला की तोच जायचा, त्याने सांगितलं होतं स्टेअरिंग हलतं म्हणून. पास्कलभाऊ पंच्याने हात पुसत बसले. मला वाटतं, तेवढं सुहासला पुरेसं लागलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी गाडीखाली पाठ टेकली. चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवलं आणि मला स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सारखं फिरवत राहायला सांगितलं. ते खाली एकेका सांध्यावर हात ठेवून बघत होते, कुठे ढिलं लागतंय. तासाभराने त्यांनी छातीठोकपणे निदान केलं, की चाकाजवळचा एक बॉल जॉइंट गेलाय. तो बदलला. आणि ते चुकले. चाचणीला सुहासने गाडी नेली, पुलावर डावं चाक आपटलं आणि गाडी पुन्हा थडथडली, या वेळी त्याच्या हातात. तो घरी आला तो पांढराफटक होऊन. सोफ्यावर बसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू ही गाडी चारदा थांबवलीस?" एवढंच. पण मला त्या रात्री छान झोप लागली.

पास्कलभाऊ वर येऊन आधी म्हणाले, "टीचर, मी चुकलो. परत बघू." उभा जन्म यंत्रांत काढलेला माणूस, पण ते म्हणताना त्यांना जराही जड गेलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी सुहासला स्टेअरिंगवर बसवलं आणि मला खाली बोलावलं. मी जुना सलवार-कमीज घालून, केसांना रुमाल बांधून सतरंजीवर आडवी झाले. वरच्या मजल्यांवरच्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. "माझ्या बोटांना घट्टे पडलेत," ते म्हणाले, "बारीक हललेलं मला आता कळत नाही. तुमची बोटं चालतील." पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड अ‍ॅक्सलपासून वर गाडीच्या सांगाड्याकडे एक तिरका दांडा जातो. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून तो धरून ठेवतो. त्याला ट्रॅक बार म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी एकेक सांधा दाखवायचा, मी बोटं लावायची, सुहासने स्टेअरिंग हलवायचं. एक, दोन, तीन... त्या दांड्याच्या खालच्या टोकाला बोटं लावली आणि मला जाणवलं. अगदी बारीक 'टक्'. पुन्हा 'टक्'.

बोल्ट तर घट्ट होता. सगळ्यांनी तोच बघितला असणार. पास्कलभाऊंनी तो काढला आणि टॉर्च मारला. ज्या भोकात तो बसायचा ते भोकच झिजून लंबगोल झालं होतं. कधीतरी कुणीतरी मूळचा बोल्ट हरवून त्यापेक्षा बारीक बसवला होता. एरवी तो जागेवर राहायचा, पण धक्का बसला की अ‍ॅक्सल तेवढा सरकायचा आणि चाकं एकमेकांना हिसके देत सुटायची. मी विचारलं, मग नवा डॅम्पर घातल्यावर चार दिवस बरं का वाटलं? ते म्हणाले, "पोर रडतंय म्हणून त्याच्या तोंडावर उशी धरली, तर आवाज कमी येतो ना टीचर, पण पोट दुखायचं थांबत नाही."

वादी कबीर भागातल्या एका पठाण वेल्डरकडून त्यांनी त्या जागी जाड पट्टी जोडून घेतली, मापाचा बोल्ट मिळवला आणि गाडी चारी चाकांवर उभी असतानाच तो आवळला. वेल्डरने विचारलं कुणी शोधलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "टीचरने पकडा."

आणि मग चाचणी. ती मीच घ्यायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला नको होतं. पण शेजारी येऊन बसले, संत्रं सोलायला घेतलं आणि वसईच्या सुकेळीची गोष्ट लावली. केळी किती दिवस वाळवायची, त्यांची आई ती कशात गुंडाळायची... पूल दिसला तेव्हा मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ऐंशी. धप्. आणि पुढे काहीच नाही. नुसता रस्ता. त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "आता पुढून वळवा, परत जाऊ." त्या पुलावरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी मीच सुकेळीबद्दल पुढचं विचारत होते.

गाडी विकली नाही. खाली लावलेला कागद सुहासने स्वतः काढून आणला. पुढची काही वर्षं त्या गाडीतून आम्ही पाच जण फिरलो. मुक्ता पास्कलभाऊंशी तिच्या मोडक्या मराठीत बोलायची आणि ते तिच्याशी त्याहून मोडक्या इंग्रजीत. दोघांचं कधी अडलं नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते वसईला गेले. विमानतळावर रोझीवहिनींना आणि मला रडताना बघून म्हणाले की एवढं सामान आहे, त्यात पाणी कशाला वाढवता.

या सुट्टीत आम्ही वसईला गेलो. अंगणात एक छोटी लाल गाडी उभी होती. मस्कतमध्ये अठ्ठावीस वर्षं काढूनही रोझीवहिनी कधी स्टेअरिंगवर बसल्या नव्हत्या. वसईला गेल्यावर पास्कलभाऊंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं, रोज संध्याकाळी तासभर. लायसन आलं ते पास्कलभाऊ गेल्यानंतर पंधरा दिवसांनी, पोस्टाने. निघताना रिक्षा बोलावू का म्हटलं, तर त्यांनी ऐकलंच नाही. किल्ली घेऊन आल्या. सुहास आणि मुक्ता मागे बसले, मी पुढे डावीकडे. पाय ठेवायला गेले तर खाली रबरी मॅटला उजव्या पायाच्या जागी चांगलं रुपयाएवढं भोक होतं.

"ते त्यांचं," रोझीवहिनी आरसा नीट करत म्हणाल्या. "तोंडाने एक शब्द बोलायचे नाहीत. पण मी जरा जोरात घेतली की तिथे पायाने ब्रेक दाबायचे. दीड वर्षात मॅट फाडली."

सुहास मागून म्हणाला, की वहिनी, स्टेशनजवळ नवी मिळेल, मी घेऊन देतो.

"काही नको," त्या म्हणाल्या. "वळण आलं की मी अजून तिकडे बघते."

मग त्यांनी इंडिकेटर दिला, दोन्हीकडे बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.