पहिल्या दिवशीची नोटीस

ब्रिहिदाची नवी पिकअप दारात उभी दिसली की इलारियो बारागान मान फिरवायचा. दोघं मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या एकाच गावचे, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत आले तेव्हा एकाच मुकादमाकडे माल कालवणारे. आज ती फरशी बसवण्याचे ठेके घेते, पदरी सहा माणसं. हा अजून गिलाव्याचा ठेका घेऊन स्वतःच थापी चालवतो. "नशीब तिचं!" एवढंच तो म्हणायचा.

नशीब कसलं डोंबलाचं! कुठलंही काम धरलं की पहिल्याच दिवशी ती घरमालकाला आणि ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडायची: मी इथे काम करते आहे, पैसे बुडवलेत तर या घरावर बोजा चढवीन. कॅलिफोर्नियाचा कायदाच तसा आहे: ठेकेदाराने बुडवलं तर पैसे मालकाच्या घरातून वसूल. गिलावेवाले तिला 'कागदवाली' म्हणून हसायचे. ओळखीच्या ठेकेदाराला नोटीस देणं म्हणजे मालकादेखत त्याला चोर म्हणणं, असा त्यांचा समज. इलारियो तर सगळ्यात मोठ्याने हसायचा.

त्या उन्हाळ्यात एका दातांच्या डॉक्टरच्या घरावर दोघांचं काम होतं. ठेकेदार अन्सेल्मो. इलारियोच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे', म्हणजे लेकीच्या नात्याने भाऊ, म्हणत. त्याला नोटीस? छे!

जाळी ठोकून झाली, गिलाव्याचा पहिला हात झाला, दुसरा झाला. पैशाचं नाव नाही. शुक्रवारी टाकोच्या गाडीपाशी अन्सेल्मोने सगळ्यांसमोर ब्रिहिदाला चेक दिला, वर 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणून.

"घ्या दोन्या ब्रिहिदा, मोजून घ्या. नाहीतर घर तुमच्या नावावर कराल!"

"करीनही. स्वयंपाकघर छान आहे."

सगळे हसले. इलारियो पुढे झाला. "आणि माझे, कोंपाद्रे?"

"तुझं काय, घरचंच आहे. बघू पुढल्या आठवड्यात."

मग गाडीमागे अन्सेल्मो नळवाल्याला सांगत होता, ते इलारियोच्या कानावर पडलं. "बाईचे थकवले तर मालक माझी मानगूट धरेल. इलारियो काय करणार? तो आपलाच आहे."

आता सांगा, राग कुणाचा यायला हवा? याला आला ब्रिहिदाचा! म्हणे, माझे पैसे अडलेत आणि ही टाको खात हसते. आपल्या माणसांचं हेच मला सहन होत नाही. बुडवणारा राहतो बाजूला, आणि ज्याला मिळालं त्याच्यावर आपण दात खातो.

संध्याकाळी तो तिच्या गोदामात जाऊन धडकला.

"चोर म्हणतेस सगळ्यांना, म्हणून तुला पैसे मिळतात!"

"सख्ख्या भावाच्या कामावरही नोटीस टाकते मी. तरीही तो रविवारी जेवायला बोलावतोच. तू भांडायला आलास की विचारायला?"

तो भिंतीकडे बघत पुटपुटला, "आता टाकली तर?"

"मागचे वीस दिवस धरतात, आणि पुढचं सगळं. पहिला हात कधी मारलास?"

"महिना झाला."

"मग जाळी आणि पहिला हात बोज्यातून गेला. दुसरा वाचेल, शेवटचाही. हे घे पोस्टाचं तिकीट."

"तिकिटापुरते आहेत माझ्याकडे!"

सोमवारी नोटीस पोस्टात पडली. ती पोचताच अन्सेल्मोचा फोन आला. "मालकाच्या घरी नोटीस धाडतोस? माझ्यावर? पोरीला हातावर घेतलं होतं रे मी!"

"तिच्या बापाचं पोट पण बघायचं होतंस," इलारियो म्हणाला. आणि त्याने फोन ठेवून दिला.

शेवटचा हात वाळला आणि अन्सेल्मो चेक घेऊन आला. दुसऱ्या आणि शेवटच्या हाताचे पैसे पुरे होते.

"आणि जाळीचे, पहिल्या हाताचे, कोंपाद्रे?"

"त्याचं बघू, मिस्टर बारागान."

मिस्टर बारागान! वीस वर्षांत हे नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. तेवढ्यात ब्रिहिदा पायरीची फरशी पुसत बाहेर आली आणि अन्सेल्मोचा चेहरा खुलला. "दोन्या ब्रिहिदा, जेवलात की नाही? माझी बायको विचारत होती."

तिची नोटीस पहिल्या दिवशीची, म्हणून ती रीत ठरली. याची पैसे अडल्यानंतरची, म्हणून तो आरोप ठरला. इलारियोला हे आता कळलं. तिला पैसेही मिळाले आणि जेवणाची चौकशीही झाली. चेक खिशात कोंबून तो थापी धुवायला गेला, आणि ब्रिहिदाकडे न बघता त्याने ती नको इतकी घासली.