स्वयंपाकघरातलं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. इथे कार्ल्सरूहेत आम्ही जी चार-सहा मराठी मुलं-मुली आहोत, त्यांना तर नाहीच – दिवाळीला आम्ही एकत्र जमतो आणि एकाला सांगितलेलं फराळ संपायच्या आत सगळ्यांना कळतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळख नसलेल्यालाच सांगायचं, हाही भित्रेपणाच? असेल.

मी कमी बोलते. लहानपणापासून या गोष्टीचं माझ्या वाट्याला कौतुकच आलं. पाहुणे म्हणायचे, "पोरगी अगदी गरीब आहे हो तुमची." गरीब म्हणजे चांगली, असं मीही धरून चालले होते. न बोलणाऱ्या माणसाकडून कोणाचं काय बिघडणार?

रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत आले तेव्हा साठ साल नुकतंच लागलं होतं. जर्मन मी पुस्तकातून शिकले होते. वर्गात सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की अडायचं. क्रियापद वाक्याच्या शेवटी – म्हणजे खरं तर मराठीसारखंच – पण मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात वाढलेली, मनातल्या मनात इंग्रजीच बोलणारी. माझं क्रियापद येईपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असायचा. मग मी हसायचे आणि मान हलवायचे. एक अख्खं वर्ष मी मान हलवत काढलं.

माझी खोली फ्राऊ वेंडेल नावाच्या विधवा बाईंच्या घरात होती. वरच्या माळ्यावर दोन स्पॅनिश कामगार राहायचे, गावाबाहेरच्या कारखान्यात कामाला. एक अन्सेल्मो, माद्रिदचा. थोराड, मोठ्या आवाजाचा, सतत कोणाची तरी नक्कल करणारा. दुसरा बार्सेलोनाचा, सडपातळ, चष्मेवाला. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच होतं आणि तिथे बाईंचा जुना रेडिओ होता. त्या दोघांच्या गावचे दोन क्लब फुटबॉलमधले हाडवैरी. सामना असला की रेडिओच्या खरखरीत कान घालून दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसायचे. त्यांचा एक नियम होता: ज्याचा क्लब हरेल त्याने दोघांच्या आम्लेटसाठी बटाटे सोलायचे, आणि जिंकलेल्याने शेजारी खुर्ची टाकून टोमणे मारायचे – सालं जाड काढतोस, अर्धा बटाटा साधू-संतांना सोडतोस का? मला त्यांनी पंच नेमलं होतं. मी काही बोलायचे नाही, म्हणून मी निःपक्षपाती!

त्या वर्षअखेरच्या हिवाळ्यात युरोपच्या चषकात बार्सेलोनाने माद्रिदला बाहेर काढलं. तोपर्यंत तो चषक दरवर्षी माद्रिदच जिंकत आलं होतं. पंच इंग्रज होता, आणि त्याने माद्रिदचे गोल नाकारले म्हणून अन्सेल्मो हातात सुरी घेऊन माझ्याकडे वळला. "सेन्योरिता, तुमच्या इंग्रजाने लुटलं आम्हाला!"

"माझा इंग्रज?" मी म्हटलं. "आम्ही हाकलून दिला त्याला."

"मग हाकलायच्या आधी त्याला चष्मा का नाही दिलात?"

जर्मनीत आल्यावर मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती तिथे, त्या सालांच्या ढिगाशेजारी.

ही चेष्टा होती, पण खाली बरंच काही होतं. अन्सेल्मो सांगायचा, आदल्या मोसमात माद्रिदने अंतिम सामन्यात फ्रँकफुर्टच्या क्लबला धुतलं, त्याच्या बातम्या इथल्या पोरांनी त्याला कौतुकाने परत परत वाचून दाखवल्या. नाहीतर कारखान्यात तो कोण? बोटाने खूण करून ज्याला काम दाखवायचं असा एक माणूस. माद्रिदचा म्हटल्यावर मुकादमाने हात पुढे केला होता.

आणि बार्सेलोनाचा तो – त्याचं कागदोपत्री नाव होर्खे. आईने ठेवलेलं नाव जोर्दी. पण ते त्यांच्या कातालान भाषेतलं नाव, आणि स्पेनमधल्या यादवी लढाईनंतरच्या हुकूमशाही राजवटीत त्या भाषेतली नावं नोंदवून घेत नसत. कारखान्यात होर्खे, फ्राऊ वेंडेलकडे आडनाव, आणि स्वयंपाकघरात जोर्दी. अन्सेल्मोही त्याला जोर्दीच म्हणायचा. माद्रिदचा माणूस असून! हे जोर्दीला फार वाटायचं. तो बोलून दाखवायचा नाही, मला दिसायचं.

एकदा मी त्याला माझ्या शाळेबद्दल सांगितलं. मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहिलं जायचं आणि व्हरांड्यात उभं राहावं लागायचं. तो हातातलं काम ठेवून ऐकत राहिला. मग त्याने त्याचं सांगितलं. लढाई सुरू झाली तेव्हाच त्यांच्या क्लबचा अध्यक्ष गोळी घालून मारला गेला होता. दक्षिण अमेरिकेतला एक खेळाडू दोन्ही क्लबांनी आपलाच म्हटला आणि अखेर तो माद्रिदला गेला, ते दुखणं वेगळंच. पण खरी गोष्ट पुढची – घराबाहेर आपल्या भाषेत मोठ्याने ओरडता येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे मैदान. एवढ्या तोंडांवर पोलीस किती लक्ष ठेवणार? ट्रामचं भाडं वाढवलं तेव्हा लोकांनी बहिष्कार घातला होता. सामना सुटल्यावर बाहेर रिकाम्या ट्राम उभ्या होत्या आणि हजारो माणसं भर पावसात चालत घरी गेली. जोर्दी त्यांत होता. नुसता होता असं नाही. आदल्या रात्री मित्रांबरोबर त्याने भिंतींना पत्रकं चिकटवली होती.

"हे या टेबलावरच राहू दे," तो अन्सेल्मोकडे आणि माझ्याकडे पाहत म्हणाला. मी मान हलवली.

किती आडवळणं घेते आहे, पाहताय ना? येते मुद्द्यावर.

माझ्या प्राध्यापकांच्या पत्नी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी दुपारी कॉफी आणि केकला बोलवायच्या. त्या रविवारी एक स्पॅनिश गृहस्थ आले होते. राखाडी सूट, मऊ आवाज. स्पेनच्या वकिलातीत असतात, अशी बाईंनी ओळख करून दिली. आधीच. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ते माझ्याशी इंग्रजी बोलले. सुरेख इंग्रजी. माझ्या उच्चारांची त्यांनी तारीफ केली, शाळा कोणती विचारलं. आणि मी बोलायला लागले. काय सांगू तुम्हाला – वर्षभर मुकी असलेली मी, त्या दिवशी भरभरून बोलले. वाक्यं आपोआप पुरी होत होती, विनोद जमत होते, आजूबाजूचे वळून बघत होते. प्राध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या, "बघा, आमची फ्राऊलाइन किती छान बोलते!" कुठे राहता, त्या गृहस्थांनी विचारलं. आमच्याच लोकांबरोबर? मग काय गप्पा होतात? मी बटाट्यांचं सांगितलं. दोन क्लबांचं सांगितलं. इंग्रज पंचाचं सांगितलं – ते मनापासून हसले. अजून सांगायला काय आहे, म्हणून मी शोधत होते. मग पावसातली माणसं सांगितली, रिकाम्या ट्राम सांगितल्या. पत्रकं सांगितली.

"कोण हो हा तुमचा मित्र?" त्यांनी विचारलं.

"जोर्दी," मी म्हटलं.

त्यांचा चमचा कपात फिरत होता, तो थांबला. मी पाहिलं. मला नेहमी सगळं दिसतं, तेवढंच तर मला येतं. चमचा थांबला, मग पुन्हा फिरू लागला, आणि मी पुढे बोलत राहिले. आडनावही सांगितलं. का? कोणीतरी माझं ऐकत होतं. एवढंच.

वसंतात जोर्दीच्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील हयात नव्हते. तिला हाताला धरून चर्चमध्ये नेणं त्याच्याकडे होतं. त्याने सूट शिवला आणि आम्हाला घालून दाखवला. अन्सेल्मो म्हणाला, "नवरी पळून जाईल, तुझ्याशीच लग्न लावतायत असं वाटून." पासपोर्टची मुदत संपत आली होती, म्हणून जोर्दी वकिलातीत गेला. खिडकीपलीकडच्या माणसाने कागद पाहिले, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय जोर्दी, अजून पत्रकं चिकटवतोस का?"

पासपोर्ट ठेवून घेतला. चौकशी होईल, म्हणाले. बहिणीचं लग्न काकाने लावलं.

ते नाव बाहेरच्या कोणाला माहीत नव्हतं. जोर्दीने हिशोब मांडला, आणि तो माद्रिदवर येऊन थांबला. दुसरीकडे कुठे थांबणार होता? अन्सेल्मोचे वडील त्याच राजवटीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं होते, हे जोर्दीला माहीत होतं. पण तो त्या क्षणी म्हणाला, "तुम्ही लोक शेवटी माद्रिदचेच." इतक्या सामन्यांत त्यांनी एकमेकांना काय काय म्हटलं असेल; हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

त्याची बॅग दारात होती. अन्सेल्मो – एवढा मोठा माणूस – टेबलाला धरून उभा होता. तो माझ्याकडे वळला.

"सेन्योरिता, तुम्ही रोज इथे बसता. तुम्हीच सांगा याला. मी असलं करीन का?"

जोर्दीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्यांना कशाला मध्ये ओढतोस? त्या बिचाऱ्या कोणाशी बोलतसुद्धा नाहीत."

दोघे थांबले होते. वेळ होता. माझ्याजवळ शब्दही होते – 'मी सांगितलं', इतकं जर्मन मला केव्हाच येत होतं. मला कसली भीती होती? शिष्यवृत्ती जाणार नव्हती, कोणी मारणार नव्हतं. गरीब मुलगी म्हणून जी जागा मिळाली होती ती जाईल, एवढीच.

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

अन्सेल्मोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याची साक्ष देणारं एकच माणूस होतं, मी, आणि मी मान खाली घातली होती. जोर्दी गेला. अन्सेल्मोने दारापर्यंत जाऊन त्याला हाक मारली, एकदाच. होर्खे म्हणून नाही, जोर्दी म्हणून. मला वाटतं त्याने ती हाक मारायला नको होती. जोर्दीने ती ऐकून पावलं आणखी जलद टाकली.

याला काही वर्षं झाली. जोर्दी ड्युसेलडॉर्फला असतो, तिथेच एका जर्मन मुलीशी त्याने लग्न केलं. दर नाताळात तो मला कार्ड पाठवतो, आणि त्यात अन्सेल्मोचा उल्लेख नसतो. अन्सेल्मो याच गावात आहे. कारखान्यातल्या स्पॅनिश लोकांमध्ये त्याच्याबद्दल काय बोललं जातं, ते मी ऐकलं आहे. त्याच्या टेबलाशी जेवायला फारसं कोणी बसत नाही. रस्त्यात भेटला तर तो टोपी काढतो, माझा अभ्यास कसा चाललाय ते विचारतो. आता मला जर्मन छान येतं. मी व्यवस्थित उत्तर देते.

अन्सेल्मोने काही केलं नव्हतं. नाव मी सांगितलं. दोघांचेही पत्ते माझ्याकडे आहेत.